रिंग वाजण्याआधीचे बोलणे

दुपारचे तीन वाजत आले आहेत. दुसऱ्या पाळीला निघालेला चाकणचा एक कामगार कंपनीच्या बसमध्ये चढतो आणि पुढच्या थांब्यावरच्या सोबत्याला मिस्ड कॉल देतो. दोन रिंगा वाजतात आणि फोन बंद होतो. सोबत्याला कळते, बस निघाली. कोणी बोलले नाही, पैसे पडले नाहीत, तरी निरोप पोचला. बोलण्याला मिनिटामागे पैसे पडत, त्या काळात ही युक्ती देशभर रूढ झाली.

पण खरेच कोणी बोलले नाही का? माणसे बोलली नाहीत हे खरे. मात्र त्या काही सेकंदांत फोन, टॉवर आणि एक्स्चेंज एकमेकांशी बरेच काही बोलून गेले. या बोलण्याला 'संकेतन' म्हणतात. ते कसे चालते आणि ते बिनचूक आहे याची खात्री कशी करून घेतात, ते या लेखात पाहू.

फोन सापडतो कसा?

घरचा जुना फोन तारेने बांधलेला असे. तार कुठे जाते ते एक्स्चेंजला ठाऊक असे. मोबाइलला तार नाही. मालक सकाळी भोसरीत, दुपारी चाकणला आणि रात्री आणखी कुठे असतो. मग त्याला शोधायचे कोठे?

त्यासाठी जाळ्याच्या मालकाकडे एक मोठी नोंदवही असते. संगणकातली, अर्थातच. पुष्कळ टॉवर मिळून एक विभाग केलेला असतो आणि कोणता फोन कोणत्या विभागात आहे, एवढेच या नोंदीवरून कळते. आपण भोसरीहून मोशी, चिंबळी, कुरुळी करत चाकणला चाललो आहोत आणि वाटेत कोठेतरी विभागाची हद्द लागते, असे समजा. प्रत्येक टॉवर आपल्या विभागाचे नाव सतत पुकारत असतो. नवे नाव ऐकले की खिशातला फोन आपल्याला न विचारता कळवतो, 'मी आता या विभागात आलो.' हद्द ओलांडली नाही तरी ठरावीक वेळाने त्याला हजेरी द्यावी लागते. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या पद्धतीत ही वेळ सहा मिनिटांच्या पटीत ठरवता येते.

आता मिस्ड कॉलकडे परत येऊ. नंबर फिरवल्यावर एक्स्चेंज नोंदवही पाहते. त्या विभागातले टॉवर एकदम हाक मारतात, 'अमुक फोन आहे का?' तो फोन 'हजर' म्हणतो. दोन फोन एकाच क्षणी ओरडले तर कोणाचेच नीट ऐकू येत नाही. तेव्हा प्रत्येकाने थोडा थोडा, वेगवेगळा वेळ थांबून पुन्हा ओरडायचे, असा नियम आहे. मग ओळख पटवणे. जाळे फोनला एक संख्या देते, सिमकार्ड आपल्या गुप्त किल्लीने त्यावर गणित करून उत्तर पाठवते. किल्ली स्वतः कधीच हवेतून जात नाही. त्यानंतर 'कॉल आला आहे', 'रिंग वाजते आहे' आणि शेवटी 'उचलला' असे संदेश जातात. बिलाचे घड्याळ 'उचलला' या संदेशावर सुरू होते. मिस्ड कॉलमध्ये तो येतच नाही, म्हणून पैसे पडत नाहीत.

उत्तर आले नाही तर?

मंत्र्यांच्या दौऱ्यात आधी कोणी नमस्कार करायचा, हार कोणी घालायचा, हे राजशिष्टाचाराने ठरते. इंग्रजीत त्याला प्रोटोकॉल म्हणतात. यंत्रांच्या संवादाच्या नियमांनाही तेच नाव आहे. फरक इतकाच, की माणूस चूक सावरून घेतो. यंत्राला मात्र नियमात नसलेल्या प्रसंगी काय करावे ते कळत नाही.

म्हणून नियमांचा मोठा भाग 'उत्तर आले नाही तर' यासाठी असतो. उदाहरणार्थ, जीएसएममध्ये विभाग बदलल्याचे कळवल्यावर फोनने २० सेकंद वाट पाहायची. उत्तर नाही आले तर ते बोलणे तोडायचे, १५ सेकंद थांबायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. असे चार प्रयत्न फसले की सारखी दारे न ठोठावता हजेरीच्या लांब पल्ल्याच्या घड्याळाकडे वळायचे.

ही चारची मर्यादा कशासाठी? एखाद्या भागातली यंत्रणा बंद पडून पुन्हा सुरू झाली, असे समजा. तिथले हजारो फोन एकाच वेळी हजेरी द्यायला धावतात. त्यांनी थांबून थांबून प्रयत्न केले नाहीत, तर नुकतीच उठलेली यंत्रणा त्या गर्दीनेच पुन्हा आडवी होईल. एका फोनचा उतावीळपणा कोणाला जाणवत नाही, पण तो सगळ्यांत भिनला तर सगळे जाळे बसते.

खोटे जाळे

आता प्रश्न चाचणीचा. नव्या फोनमध्ये हे नियम नीट लिहिले आहेत का, ते कसे पाहायचे? खऱ्या जाळ्यावर लावून पाहू म्हटले तर अडचण येते. खरे जाळे बहुतेक वेळा नीट वागते, आणि आपल्याला तर ते बिघडल्यावर फोन काय करतो ते पाहायचे आहे. त्यासाठी चालू जाळे मुद्दाम बिघडवता येत नाही. शिवाय परवान्यावाचून मोबाइलच्या लहरी हवेत सोडणे बेकायदा आहे.

म्हणून प्रयोगशाळेत खोटे जाळे उभारतात. टेबलावरचे एक यंत्र टॉवर, एक्स्चेंज आणि नोंदवही या तिघांचे सोंग घेते. त्याला अनुरूपक, म्हणजे सिम्युलेटर, म्हणतात. फोन त्याला केबलने जोडतात किंवा लहरी आत-बाहेर जाऊ न देणाऱ्या धातूच्या पेटीत ठेवतात. आपण खऱ्या टॉवरशी बोलतो आहोत, असे फोनला वाटते.

हे सोंग आज्ञेबरहुकूम वाईट वागू शकते, हाच त्याचा गुण. वरचा नियम तपासायचा तर अनुरूपक मुद्दाम गप्प बसतो. २० सेकंदांनी फोनने बोलणे तोडले का? १५ सेकंद थांबला का? चौथ्या अपयशानंतर शांत झाला का? प्रत्येक पावलाची वेळेसह नोंद होते. अशा चाचण्या लिहिण्यासाठी टीटीसीएन नावाची खास भाषा आहे. तिच्यात निकाल तीन प्रकारचे असतात : उत्तीर्ण, अनुत्तीर्ण आणि अनिर्णित. फोन चुकला असे म्हणता येत नाही, पण जे तपासायचे होते ते तपासले गेले नाही, तेव्हा 'अनिर्णित' लिहायचे. हा तिसरा रकाना शाळेच्या प्रयोगवहीतही असावा, असे आम्हाला वाटते.

सगळेच तपासता येईल का?

थोडे गणित करू. समजा, एका वेळी आठपैकी कोणताही एक संदेश येऊ शकतो आणि संवाद दहा संदेशांचा आहे. तर क्रम किती? आठचा दहावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४. सेकंदाला एक क्रम तपासला तरी सुमारे ३४ वर्षे लागतील. यात उशिराने आलेले संदेश धरलेलेच नाहीत. म्हणून कोणते क्रम तपासायचे ते विचारपूर्वक निवडावे लागते. निवडीतून काय निसटू शकते, याचे एक उदाहरण इतिहासात आहे.

१५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीचे लांब पल्ल्याचे दूरध्वनी जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. हे जाळे तारांचे होते, पण त्याची एक्स्चेंजेस एकमेकांशी संकेतनानेच बोलत. न्यूयॉर्कमधील एका एक्स्चेंजमध्ये किरकोळ बिघाड झाला. त्याने शेजाऱ्यांना 'सध्या मला कॉल पाठवू नका' असे कळवले, काही सेकंदांत स्वतःला सावरले आणि पुन्हा कामाला लागले. इथपर्यंत सारे नियमाप्रमाणे झाले. तो परत आल्याची नोंद शेजारी करत असतानाच, सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत, त्याचा दुसरा संदेश येऊन थडकला. नेमक्या या प्रसंगासाठीच्या प्रोग्रॅममध्ये एक आज्ञा चुकीच्या जागी होती. शेजारी गोंधळले, त्यांनीही स्वतःला बंद करून सावरले आणि परत येताना तोच गोंधळ पुढच्या शेजाऱ्यांकडे पाठवला. सर्व ११४ एक्स्चेंजमध्ये प्रोग्रॅम एकच होता, त्यामुळे साथ पसरावी तसा दोष पसरला. कोट्यवधी कॉल लागले नाहीत. चूक होती ती बिघाडातून सावरण्यासाठीच लिहिलेल्या भागात. आपण नेहमीचे रस्ते पुन्हा पुन्हा तपासतो. आडवाटेने क्वचित कोणी जाते, म्हणून तिथला खड्डा तसाच राहतो.

चाकणच्या रस्त्यावर

आपल्या औद्योगिक पट्ट्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. पिंपरी आणि चाकण येथे बनणारे वाहन आता केवळ इंजिन आणि चाके राहिलेले नाही. एआयएस-१४० या भारतीय मानकाप्रमाणे बससारख्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थान कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटन लागते. १ जानेवारी २०१९ पासून नव्या वाहनांना ते बंधनकारक झाले. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली आणि चाकणलाही शाखा असलेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था या मानकांच्या समितीचे सचिवालय सांभाळते.

या यंत्रात सिम असते आणि त्यालाही हजेरी, हाक, ओळख हे सारे सोपस्कार करावे लागतात. जाळे नसेल तर नोंदी साठवायच्या आणि जाळे सापडले की पाठवायच्या. रात्रीच्या बसमध्ये एखाद्या मुलीने ते बटन दाबले आणि नेमके त्याच क्षणी बस एका विभागातून दुसऱ्यात जात असली तर? तो प्रसंग रस्त्यावर कधी येईल सांगता येत नाही. अनुरूपकावर मात्र तो हवा तेव्हा, हवा तितक्या वेळा आणता येतो. खोट्या जाळ्यावर घालवलेल्या तासांचे मोल तिथे कळते.

वर्गात करून पाहा

पाच विद्यार्थी घ्या : फोन, टॉवर, एक्स्चेंज, नोंदवही आणि परीक्षक. कोणी बोलायचे नाही. निरोप फक्त चिठ्ठ्यांनी द्यायचे आणि प्रत्येक चिठ्ठी परीक्षकाच्या हातून जाईल. 'ही चिठ्ठी आली तर हे करा' असा तक्ता मुलांनीच फळ्यावर लिहावा. पहिल्या फेरीत परीक्षक चिठ्ठ्या जशाच्या तशा पोचवील. दुसऱ्या फेरीत तो एक चिठ्ठी खिशात ठेवील, एक दोनदा देईल, एक उशिरा देईल.

थोड्याच वेळात कोणीतरी हातात चिठ्ठी घेऊन गोंधळलेले उभे राहील, कारण फळ्यावर तिचे उत्तरच नसेल. त्याला हसू देऊ नका. चूक त्याची नाही, तक्त्याची आहे, आणि ती त्याच्यामुळे सापडली. तक्त्यात नवी ओळ घाला आणि पुन्हा खेळा. किती फेऱ्यांनंतर परीक्षकाला नवी खोडी सुचेनाशी होते, ते मोजा. खोड्या संपल्या म्हणजे तक्ता निर्दोष झाला का, यावर मात्र वर्गात चर्चा व्हायला हवी.