गव्हाण मुलांच्या हाती द्या

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला, की वसईच्या गावागावांतून नाताळची चाहूल लागते. घरांना रंग लागतो, माळ्यावरची खोकी खाली उतरतात आणि बाजारात चिनी बनावटीचे तारे, तयार गव्हाणी व कापडी सांताक्लॉज यांची रास पडते. ह्या साऱ्या धामधुमीत घरातील लहान मुले नेमके काय करीत असतात, हा प्रश्न आम्ही पालकांपुढे ठेवू इच्छितो. बहुतेक घरांत ती बाजूला उभी राहून पाहत असतात. ‘हात लावू नकोस, मोडेल’ हे शब्द ह्या दिवसांत त्यांच्या कानांवर जितक्या वेळा पडतात, तितक्या वेळा येशूबाळाचे नावही पडत नसावे.

गव्हाण स्पर्धांना आमचा विरोध नाही. त्यांच्यामुळे तरुण एकत्र येतात व रात्री जागवून सुरेख देखावे उभे करतात. तथापि विजेवर फिरणारी पाणचक्की, धबधबा आणि रंगीत दिव्यांची उघडझाप ह्यांच्या मागे लागून घराघरातील गव्हाणसुद्धा आता मोठ्यांचे काम होऊन बसली आहे. परीक्षक येण्याची वेळ झाली, की लेकरांना अंगणाबाहेर पिटाळले जाते. ज्या बाळाच्या जन्माचा हा देखावा, त्याच्याच वयाच्या आसपासची मुले त्यातून वगळली जातात, ही गोष्ट आम्हांला सलते.

गव्हाणीचा उगम पाहिला, तर ही सल अधिकच जाणवते. १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो ह्या डोंगराळ गावी असिसीच्या संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री पहिली गव्हाण उभी केली. सणाच्या साधारण पंधरा दिवस आधी त्याने तेथील जोव्हान्नी नावाच्या एका सज्जनाला निरोप धाडला आणि तयारी करण्यास सांगितले. तयारी तरी कसली? चारा खाण्याची एक गव्हाण, थोडे सुके गवत, एक बैल व एक गाढव. पुतळे नव्हते. मरिया व जोसेफ ह्यांच्याही मूर्ती नव्हत्या. आजूबाजूची माणसे मशाली घेऊन आली, गव्हाणीवर पवित्र मिस्सा अर्पण झाली, आणि उपयाजक असलेल्या फ्रान्सिसने शुभवर्तमान गायिले. बेथलेहेममधील बाळाला कोणत्या हालअपेष्टांत जन्म घ्यावा लागला, हे लोकांना डोळ्यांनी दिसावे एवढाच त्याचा हेतू होता. (बैल आणि गाढव लूकच्या शुभवर्तमानात कोठेही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायातून येथे आले आहेत. मुले हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून पालकांना उत्तर ठाऊक असलेले बरे.)

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चो गावी जाऊन गव्हाणीविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. नाताळपूर्वीच्या दिवसांत कुटुंबाने एकत्र बसून गव्हाण करण्याच्या प्रथेला त्यांनी त्यात उत्तेजन दिले आहे. शुभवर्तमानाशी वरवर काहीच संबंध नसलेली पात्रे गव्हाणीत मांडण्याची मुलांना हौस असते, ह्याचाही त्यांनी कौतुकाने उल्लेख केला आहे. तेव्हा तुमच्या चार वर्षांच्या मुलाने मेंढरांच्या कळपाशेजारी आपली रिक्षा उभी केली किंवा उंटाच्या मागे एस.टी.ची लाल गाडी लावली, तर ती हळूच उचलून ठेवू नका. बेथलेहेम आपल्या गावाला लागूनच आहे, हे त्याला आपसूक कळलेले असते.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते पाहू. सर्वांत आधी हाती घ्यावयाचे काम म्हणजे नाचणी पेरणे. गव्हाणीभोवतीची हिरवी शेते ह्या रोपांची करण्याची चाल गोव्यात व आपल्याकडेही आहे. प्लास्टिकचे हिरवे गवत मिळू लागल्यापासून ती अनेक घरांतून मागे पडली. पसरट ताटल्यांत किंवा नारळाच्या करवंट्यांत दोन बोटे माती घालावी. मोहरीएवढी ती नाचणी रात्रभर भिजत घालून, पाणी निथळून मातीवर दाट पसरावी व वर चिमूट-चिमूट माती भुरभुरावी. १० डिसेंबरच्या सुमारास पेरणी केली, तर तीन-चार दिवसांत अंकुर दिसतात आणि नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत बोटभर हिरवेगार शेत तयार होते. पाणी ओतायचे नाही, शिंपडायचे. तीन वर्षांच्या मुलालाही हे काम जमते, आणि ते ह्या कामात इतके रमते, की रोपे कुजू नयेत म्हणून पाण्याचे भांडे लपवून ठेवावे लागते.

नाचणी प्रथम पेरावी असे आम्ही म्हणतो, त्याला आणखी एक कारण आहे. आगमनकाळ हा वाट पाहण्याचा काळ आहे, असे आम्ही धर्मगुरू प्रवचनांतून सांगत असतो. पण वाट पाहणे म्हणजे काय, हे पाच वर्षांच्या मुलाला शब्दांनी कसे समजावणार? रोज सकाळी उठून ते ताटलीपाशी धावते, काहीच दिसत नाही म्हणून हिरमुसते आणि चौथ्या दिवशी आनंदाने ओरडते. बाजारातली प्रत्येक वस्तू आज मागितली की आज मिळते. नाचणी मात्र आपल्याच वेळेला उगवते.

मुलांच्या ह्याच अधीरतेतून आगमनकाळाचे चक्रही जन्माला आले. योहान हिन्रिख व्हिखर्न नावाचे एक लुथरपंथीय पाळक हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत. नाताळ कधी येणार, असे मुले त्यांना सारखी विचारीत. १८३९ साली त्यांनी गाडीचे जुने चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या. आठवड्यातील दिवसांसाठी वीस लहान तांबड्या व रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या. दररोज एक पेटवायची. चारच मेणबत्त्यांचे चक्र पुढे रूढ झाले आणि कॅथलिकांनीही ते आपलेसे केले. आपल्या मंदिरांत तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती असते, तेच हे चक्र. घरी ते करण्यासाठी परदेशी सूचिपर्णी फांद्या लागत नाहीत. वाडीतल्या आंब्याच्या किंवा क्रोटनच्या डहाळ्या, थोडा सुतळीचा वेढा आणि खाली मातीची परळ एवढे पुरे. दर रविवारी सायंप्रार्थनेच्या वेळी घरातील सर्वांत लहान मुलाने, मोठ्यांच्या हाताला धरून, मेणबत्ती लावावी.

मूर्ती विकत आणण्यास हरकत नाही. आमची सूचना एवढीच, की निदान मेंढरे आणि मेंढपाळ मुलांनी करावेत. वसईच्या शेतातली चिकट माती ह्या कामास उत्तम. शहरात राहणाऱ्यांना कणीक व मीठ समप्रमाणात मळूनही चालते. मेंढीला पाय करू नयेत, बसलेलीच करावी, म्हणजे ती उभी राहत नाही म्हणून होणारे रडणे टळते. अंगावर कापूस चिकटवावा. मूर्ती उन्हात न ठेवता सावलीत वाळवाव्यात, अन्यथा त्यांना तडे जातात. मेंढी मांजरासारखी दिसेल, मेंढपाळाला मान नसेल. ती नीट करून देण्याचा मोह पालकांनी आवरावा, ही आमची कळकळीची विनंती आहे. मूल झोपल्यावर त्याची मेंढी गुपचूप सुधारणाऱ्या माता आमच्या माहितीतल्या आहेत. सकाळी मूल ती ओळखत नाही, आणि त्या गव्हाणीतले आपले काही उरले नाही हे मात्र त्याला नेमके कळते.

गोठ्यासाठी भाताचा पेंढा, झावळ्या, सुपारीच्या विऱ्या, जुनी गोणपाटे वापरावीत. सजावटीचा थर्माकोल २०१८ च्या महाराष्ट्र शासनाच्या अधिसूचनेने बंद झाला, ते एका अर्थी बरेच झाले. थर्माकोल कापायला धारदार पाते व मोठ्यांचा हात लागे. पेंढा मात्र मुलांनाही हाताळता येतो.

ह्या पेंढ्याचीच एक जुनी भक्तिप्रथा आहे. गव्हाण रिकामी ठेवायची, आणि आगमनकाळात मुलाने एखादे चांगले काम केले, की त्याने त्यात एक काडी ठेवायची. नाताळच्या रात्रीपर्यंत बाळासाठी मऊ अंथरूण तयार होते. प्रथा सुंदर आहे, मात्र तिचा हिशेब होऊ देऊ नये. कोणाच्या किती काड्या झाल्या हे मोजू नये, भावंडांत तुलना करू नये, आणि मुलाने खोडी केली म्हणून ठेवलेली काडी परत काढून घेण्याचा विचारही मनात आणू नये. येशूबाळाला आम्ही घरात पोलीस म्हणून आणत नाही.

ताऱ्याचे काम जरा मोठ्या, म्हणजे सात-आठ वर्षांपुढील मुलांचे. दीड-दोन फूट लांबीच्या बांबूच्या दहा सारख्या कामट्या घ्याव्यात. पाच कामट्या एकमेकींत गुंतवून, टोके दोऱ्याने बांधली, की पाच टोकांचा एक तारा होतो. असे दोन तारे एकावर एक ठेवून त्यांची पाचही टोके जोडावीत. मग आतल्या बाजूस, जेथे कामट्या एकमेकींना छेदतात तेथे, चार-पाच इंचांच्या पाच काड्या दोन्ही ताऱ्यांच्या मधे आडव्या अडकवाव्यात. त्याबरोबर सपाट तारा एकदम फुगतो. मुलांच्या तोंडून ‘अरे!’ निघते ते ह्याच क्षणी. त्यानंतर मैद्याची खळ करून पतंगाचा कागद चिकटवावा. एका बाजूचे एक पान शेवटपर्यंत उघडे ठेवावे, म्हणजे दिवा आत सोडता येतो. दिवा एलईडीचाच असावा, कारण जुन्या गोळ्याच्या उष्णतेने कागद पेट घेण्याची भीती असते. कामट्या तासण्याचे काम वडिलांनी किंवा आजोबांनीच करावे. दिवाळीचा आकाशकंदील करणाऱ्या शेजारच्या मुलांना हे कसब चांगले अवगत असते. त्यांना बोलवावे. आमच्या गावांतून हिंदू मित्राने बांधलेला तारा ख्रिस्ती घरावर आणि ख्रिस्ती मुलाने कागद लावलेला कंदील हिंदू घरावर लटकलेला आम्ही पाहिला आहे. कोणता कोणाचा, हे विचारण्याची गरज कोणालाच वाटली नव्हती.

फराळाविषयी मातांना आम्ही काय सांगावे? एवढेच सुचवितो, की कलकल करताना मुलांना पाटावर बसवून घ्यावे. पिठाची गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळणे त्यांच्या बोटांना छान साधते. कढईपासून त्यांना दूर ठेवावे. आणि शेजाऱ्यांकडे जाणारे ताट मुलाच्याच हाती द्यावे, मग वाटेत दोन कलकल कमी झाले तरी चालेल.

‘फादर, वेळ कोठून आणायचा?’ असे पालक विचारतात. प्रश्न खरा आहे. विरारच्या गाडीतून लोंबकळत रात्री आठ-नऊला घरी पोहोचणाऱ्या बापाला आम्ही तासभर कागद चिकटवायला सांगत नाही. परंतु वर सांगितलेल्या कामांपैकी ताऱ्याखेरीज एकही काम दिवसाला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ मागत नाही. आखातात किंवा जहाजावर असलेल्या वडिलांना दूरध्वनीच्या पडद्यावर नाचणी आज किती वाढली ते दाखविता येते. लेकराला सांगण्याजोगे रोज काही नवे असते आणि बापाला विचारण्याजोगेही.

आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी रोममधील मुले आपापल्या गव्हाणीतील येशूबाळाची मूर्ती घेऊन संत पीटरच्या चौकात जमतात व पोप महोदय त्या मूर्तींना आशीर्वाद देतात. पोप सहावे पॉल यांच्या काळापासून ही प्रथा चालू आहे. आपल्या धर्मग्रामांतूनही ती सुरू करण्यास काहीच हरकत नसावी. खिशातून, रुमालातून, डब्यातून मुलांनी आणलेली बाळे वेदीसमोर पाहणे प्रत्येक धर्मगुरूला आवडेल.

ती मूर्ती घरी परतल्यावर मात्र लगेच गव्हाणीत ठेवू नये. मध्यरात्रीच्या मिस्सेहून आल्यावर, कितीही उशीर झाला आणि डोळे पेंगुळलेले असले तरी, घरातील धाकट्याने ती ठेवावी. कोणी एकाने लूकच्या दुसऱ्या अध्यायातील जन्मवृत्तान्त मोठ्याने वाचावा. ज्यांच्या घरी फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ असेल, त्यांनी ख्रिस्तजन्माच्या काही ओव्या म्हणाव्यात. १६१६ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या काव्याची भाषा मुलांना पुरती कळणार नाही, पण तिचा ठेका कळतो.

तीन राजांनाही आल्याबरोबर गोठ्यात उभे करू नये. त्यांना घराच्या दुसऱ्या टोकाला, पुस्तकांच्या फळीवर किंवा खिडकीत ठेवावे आणि मुलांनी दररोज त्यांना थोडे पुढे सरकवावे. भारतात प्रकटीकरणाचा सण २ ते ८ जानेवारीच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी असतो. त्या दिवशी ते पोहोचले म्हणजे झाले. मधल्या काळात एखादा राजा फ्रिजवर किंवा स्नानगृहाच्या उंबऱ्यावर आढळला, तर रागावू नये. वाट लांबची होती.

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणानंतर गव्हाण उतरवावी, आणि तेही मुलांकडूनच. नाचणीची रोपे कोंबड्यांना किंवा शेळीला घालावीत, माती वाडीत परत टाकावी, पेंढा झाडांच्या आळ्यांत पसरावा. मातीच्या मेंढ्या वर्तमानपत्रात एकेक गुंडाळून, खोक्यावर मुलाचे नाव व वर्ष त्याच्याच हस्ताक्षरात लिहून ठेवावे.