जुना संगणक टाकण्याआधी

खारघरच्या दमट हवेत पंख्यावर धूळ चिकटते, प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. तरी संगणक रेंगाळण्याचा दोष बहुधा प्रोसेसरचा नसतो, हार्ड डिस्कचा असतो. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकडीवर नेमकी माहिती गाठायला सुमारे 10 मिलिसेकंद लागतात. एसएसडीत फिरणारा भागच नाही, तिथे हे कितीतरी पट लवकर होते. रॅम अपुरी पडली की न मावणारी माहितीही याच संथ तबकडीवर जाते. म्हणून नवे यंत्र घेण्याआधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवावी, रॅम वाढवावी. जुन्या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण लिनक्स चालते. खारघरमध्ये केंद्र असलेल्या सी-डॅकने घडवलेली लिनक्सवर आधारित ‘बॉस’ प्रणाली तर मराठीतही वापरता येते.