तडकलेले मॅनिफोल्ड आणि बिडाविषयीचे गैरसमज

कोल्हापूरला समुद्र नाही, पण बीड आहे. उसाचे चरक, शेतीचे पंप आणि ऑइल इंजिने यांच्या ओतकामातून इथला धंदा वाढला. म्हादबा मेस्त्री आणि वाय. पी. पोवार ही त्या पहिल्या पिढीतली नावे आजही आदराने घेतली जातात. शिवाजी उद्यमनगरातून हा पसारा पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलकडे गेला. आज ट्रक-ट्रॅक्टरचे बिडाचे भाग ओतणारे गाव म्हणून कोल्हापूरची ओळख आहे. त्यामुळे बिडाचे काहीही फुटले की ‘होऊन जाईल की’ हे इथले ठरलेले उत्तर. मासेमारीच्या बोटीवरचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड तडकले असेल, तर मात्र हे उत्तर देण्याआधी तो भाग हातात घेऊन उलटासुलटा बघावा लागतो.

ट्रकवरचे मॅनिफोल्ड कोरडे असते. सिलिंडरांतून निघालेला तापलेला धूर गोळा करून पुढे सोडायचा आणि भोवतालच्या वाऱ्याने निवायचे, एवढेच त्याचे काम. बोटीचे इंजिन बंद खणात बसवलेले असते आणि तिथे वारा नसतो. म्हणून बोटीसाठी तयार केलेल्या इंजिनाच्या मॅनिफोल्डला बहुधा दोन भिंती असतात. आतल्या भिंतीतून धूर जातो, दोन्ही भिंतींमधल्या पोकळीतून पाणी फिरते. तडा यांपैकी कोणत्या भिंतीला गेला, यावर पुढचे सगळे ठरते.

“बाहेरून तडा दिसत नाही, म्हणजे मॅनिफोल्ड ठीक आहे.”

बाहेरची भिंत तडकली तर पाणी टपकते आणि खलाशाला ते दिसते. तो तडा त्रासाचा, पण प्रामाणिक. आतली भिंत तडकली तर पाणी धुराच्या वाटेत उतरते. इंजिन चालू असेपर्यंत धुराचा जोर ते बाहेर ढकलतो. इंजिन बंद केले की कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच राहिलेला असतो आणि पाणी हळूहळू तिथून आत जाते. पाणी दाबले जात नाही. पहाटे स्टार्टर मारला की पिस्टन वर येऊन त्या पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका मॅनिफोल्डचे दुखणे मग अख्ख्या इंजिनाच्या खर्चावर जाते.

म्हणून इंजिन निववणाऱ्या गोड्या पाण्याच्या टाकीतली पातळी कारण नसताना घटत असेल, किंवा इंजिन पुरते तापल्यावरही पांढरी वाफ निघत असेल, तर मॅनिफोल्ड उतरवावे. पाण्याची तोंडे पट्ट्या लावून बंद करावीत, आत पाणी भरून हातपंपाने दोन बारच्या आसपास दाब द्यावा आणि धुराच्या वाटांत बॅटरी मारून बघावे. पाणी गरम असेल तर अधिक चांगले, कारण काही तडे तापल्यावरच तोंड उघडतात. चाचणी तासाभराची आहे, तरी ती टाळून थेट वेल्डरकडे जाणारेच जास्त.

“बिडाला वेल्डिंग धरत नाही.” आणि “निकेलचा रॉड मारला की झाले.”

ही दोन्ही वाक्ये एकाच गल्लीत ऐकू येतात आणि दोन्ही अर्धवट आहेत.

राखाडी बिडात साधारण तीन ते साडेतीन टक्के कार्बन असतो आणि तो बराचसा ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. हे बीड दाबाला खंबीर, ताणाला कच्चे. वेल्डिंगच्या कडेचा भाग झटकन निवला तर तिथे काचेसारखे कडक पांढरे बीड तयार होते. आकसणारे वेल्डिंग त्याला ओढते आणि जुन्या तड्याशेजारी नवा तडा उभा राहतो. हे टाळण्याच्या दोन वाटा आहेत. पहिलीत अख्खा भाग भट्टीत पाच-सहाशे अंशांपर्यंत तापवून वेल्ड करतात आणि चुन्यात किंवा राखेत पुरून रात्रभर सावकाश निवू देतात. दुसरीत भाग थंडच ठेवून निकेलच्या रॉडने इंचभर टाका मारतात, गरम असतानाच गोल डोक्याच्या हातोडीने ठोकतात आणि हात लावता येईल इतके निवल्याशिवाय पुढचा टाका घेत नाहीत. दोन्हींत आधी तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचे, म्हणजे तो पुढे धावत नाही. मग ग्राइंडरने खाच करायची आणि मुरलेले तेल-काजळी जाळून काढायची. वेल्डिंगनंतर फ्लँजवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेज घालून बघायचे आणि फेसिंग मारून घ्यायचे. फेसिंगचे पैसे वाचवणारा माणूस नवे गॅस्केट दर महिन्याला घेतो.

हे सगळे नीट केले तरी एक अडचण उरते आणि ती वेल्डरच्या हातात नाही. काही इंजिनांत समुद्राचेच पाणी मॅनिफोल्डमधून फिरवलेले असते. खारे पाणी वर्षानुवर्षे बिडातले लोखंड खात जाते आणि ग्रॅफाइट जागच्या जागी राहते. भिंतीचा आकार, जाडी, सगळे शाबूत दिसते. चाकूने खरवडले की काळी भुकटी हाताला लागते. अशा भिंतीवर निकेल कशाला धरणार? तिला तडा गेला म्हणजे तिचे आयुष्य संपलेले असते. माझे मत स्पष्ट आहे: बाहेरच्या भिंतीचा किंवा कोरड्या मॅनिफोल्डचा तडा जरूर वेल्ड करावा, पण खाऱ्या पाण्याने खाल्लेली आतली भिंत वेल्ड करू नये. नवा भाग बसवावा.

एम-सीलसारख्या लेपाचे फार बोलायला नको. बाहेरच्या गार भिंतीवर बंदर गाठेपर्यंत तो चालतो. धुराच्या बाजूला तो जळून जातो.

“ट्रकचे मॅनिफोल्ड बसते, मग तेच स्वस्तात टाकू.”

बसते, हे खरे. बोटींवरची कित्येक डिझेल इंजिने मुळात ट्रकच्याच घराण्यातली असतात, त्यामुळे बोल्टची भोके जुळतात. पण बोल्ट जुळले म्हणून काम जुळत नाही. पूर्ण बोजावर डिझेलचा धूर चार-पाचशे अंशांच्या घरात असतो आणि कोरड्या मॅनिफोल्डची बाहेरची भिंतही त्याच्या मागोमाग तापते. मोठ्या जहाजांसाठीचा ‘सोलास’ हा आंतरराष्ट्रीय करार सांगतो, की इंधनाची नळी फुटून फवारा जिथे पोहोचू शकेल असा २२० अंशांच्या वर तापणारा प्रत्येक पृष्ठभाग झाकलेला असावा. मासेमारीच्या लहान बोटीला तो करार लागू नसेल, पण डिझेल पेटायचे ते पेटतेच. लाकडी बोटीच्या बंद खणात उघडे तापलेले बीड ठेवणे म्हणजे आग मागून घेणे. शिवाय पाण्याचा फेरा मॅनिफोल्डमधून जात असेल तर तोही तुटतो आणि नळ्यांची जोडाजोड करत बसावे लागते.

“इंजिन तापल्यावर टकटक थांबते, म्हणजे गळती थांबली.”

थांबत नाही, लपते. साठ सेंटिमीटर लांबीचे बिडाचे मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापले की तीन मिलिमीटरहून अधिक वाढते. त्या वाढीत तड्याच्या कडा एकमेकींना टेकतात आणि आवाज बंद होतो. निवल्यावर फट पुन्हा उघडते. हीच वाढ लक्षात घेऊन कडेच्या बोल्टांची भोके सैल ठेवलेली असतात. गळते म्हणून लांब पाना घालून बोल्ट करकचून आवळणारा माणूस त्या वाढीला जागाच ठेवत नाही. बरेच तडे असेच जन्माला येतात. बोल्ट मधल्यापासून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आणि ठरलेल्या जोरानेच आवळावेत.

टर्बो असलेल्या इंजिनात ही गळती टर्बोचा जोर कमी करते आणि काळा धूर वाढवते. केबिनमध्ये झोपणाऱ्या खलाशांसाठी त्यातला कार्बन मोनॉक्साइड त्याहून वाईट, कारण त्याला रंग नाही, वास नाही.

“पुराच्या बोटींनाही हेच लागू.”

नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेकाठी फिरलेल्या रबरी बोटींना मागे आउटबोर्ड मोटर होती. तिचा धूर मोटरच्या पायातून पाण्याखाली सोडला जातो आणि बाहेर लटकणारे बिडाचे मॅनिफोल्ड तिला नसते. तिथला खरा शत्रू गाळ. पूर ओसरल्यावर मोटर स्वच्छ पाण्यावर चालवून धुतली नाही तर थंड पाण्याच्या वाटा तुंबतात.

“फुटलेला नमुना द्या, तस्सा ओतून मिळेल.”

कोल्हापूरकराला हा गैरसमज सर्वांत प्रिय आहे. ओतलेले बीड निवताना सुमारे एक टक्का आकसते, आणि नमुना आधीच आकसलेला असतो. त्याच्यावरून थेट साचा पाडला तर साठ सेंटिमीटरला सहा मिलिमीटर कमी पडतात आणि शेवटचे तोंड सिलिंडर हेडशी जुळत नाही. म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो, फेसिंगसाठी जास्तीची जाडी द्यावी लागते. खरी परीक्षा कोअरची. पाण्याची पोकळी वाळूच्या पातळ कोअरने घडते. ओतताना तो दोन मिलिमीटर सरकला तर एक भिंत जाड आणि समोरची पातळ होते, आणि पुढचा तडा कुठे जाणार ते तिथेच ठरते. कोअरमधला वायू बाहेर पडला नाही तर भिंतीत पोकळ्या राहतात. निवल्यावर आतली वाळू कणन् कण काढावी लागते, नाहीतर ती पाण्याबरोबर फिरून हीट एक्सचेंजर तुंबवते. हे सगळे करणारे कारागीर इथे आहेत. पण पॅटर्न आणि कोअरबॉक्सचा खर्च एका नगावर टाकला तर कंपनीचा नवा भाग स्वस्त पडतो.

एकाच बनावटीचे इंजिन असलेल्या दहा-बारा बोटमालकांनी मिळून काम दिले तर हिशेब बदलतो. वेळेचाही हिशेब धरावा लागतो: पश्चिम किनाऱ्यावरची पावसाळी मासेमारीबंदी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते. पॅटर्न, ओतकाम, मशिनिंग आणि दाबाची चाचणी यांत त्यातले कित्येक आठवडे निघून जातात. तेव्हा तांडेलांनो, मॅनिफोल्डवर संशय असेल तर बंदी लागायची वाट पाहू नका. एप्रिलमध्येच चाचणी घ्या, सोबतीचे मालक जमवा आणि फाउंड्रीशी बोलताना दाबाच्या चाचणीची अट कागदावर लिहून घ्या.