गाडीला रिक्षा दिसते का?

जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर संध्याकाळी पुढच्या गाडीपासून थोडं अंतर सोडा, त्या फटीत आधी दुचाकी शिरते, मग रिक्षा. शोरूममध्ये सर्वांत जास्त कौतुक होतं ते ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल नेमकं हे अंतर राखायला बनवलेलं. कोणी मध्ये घुसलं की ते वेग उतरवतं, पुन्हा अंतर सोडतं, पुन्हा कोणीतरी घुसतं. लेन राखणाऱ्या यंत्रणेला तर रस्त्यावरचे पट्टे स्वच्छ दिसावे लागतात. या सोयी पुण्याच्या द्रुतगती मार्गावर कामाच्या. जोगेश्वरीकराने ‘अडास’ची, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या अशा यंत्रणांची, तुलना दुसऱ्या टोकाकडून सुरू करावी.

आधी पाहावा तो आपोआप लागणारा ब्रेक. ताशी 40 किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात 11 मीटर पुढे जाते. चालकाची नजर तेवढाच वेळ मोबाइलवर गेली तरी पुढचा माणूस वाचत नाही. होंडा सिटीत हे काम कॅमेऱ्यावर सोपवलंय, तर 2021च्या एक्सयूव्ही 700मध्ये कॅमेऱ्याच्या जोडीला रडार आहे. फरक मोठा आहे. समोर पादचारी आहे की सायकल, हे कॅमेरा ओळखतो, पण मुसळधार पावसात तो अडखळतो. रडार सुमारे 77 गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि परतलेल्या लहरीच्या बदललेल्या वारंवारतेवरून समोरच्या वस्तूचा सापेक्ष वेग थेट मोजतं. अंधाराची त्याला अडचण नाही. मात्र मेट्रोचे खांब, पाट्या, गटाराची झाकणं यांच्यावरूनही लहरी परततात. प्रत्येक वेळी ब्रेक लागू नये म्हणून अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंच्या प्रतिध्वनींना कमी महत्त्व देतात, आणि उभा ट्रक नेमका तिथेच निसटू शकतो. म्हणून दोन्ही असलेली गाडी मला जास्त भरवशाची वाटते. रिक्षा ओळखते का, पादचाऱ्यासाठी किती वेगापर्यंत ब्रेक लावते, रात्री काय, हे विक्रेत्याला खोदून विचारा.

दुसरी सोय मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतल्या रडारची. गल्लीतून एस. व्ही. रोडवर रिव्हर्स घेताना शेजारी टेम्पो उभा असला की चालकाला आडवं येणारं काही दिसत नाही. कोपऱ्यातलं रडार येणारी स्कूटर बरंच आधी टिपतं. जुलै 2019पासून सक्तीचे झालेले पार्किंग सेन्सर हे करत नाहीत. ते मागच्या मीटर-दोन मीटरपुरतेच.

आणि ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल. गाडी घसरू लागली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला वळणावर धरतं. 2023मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा चाचणीत तीन किंवा जास्त तारे मिळवायला ते लागतंच. जाहिरातीत त्याला जागा मिळत नाही, पण पहिल्या पावसात तेलकट झालेल्या पश्चिम द्रुतगती महामार्गावर मी त्यालाच पहिली पसंती देईन.