यमुनेचा प्रवास लिहिणारे बाबा पदमनजी

वाचकहो, वर्गात मी दर वर्षी एक प्रश्न विचारतो. मराठीतली पहिली कादंबरी कोणती? उत्तर चटकन येते. 'यमुनापर्यटन', साल १८५७, लेखक बाबा पदमनजी. हे उत्तर परीक्षेत मार्क मिळवून देणारे आहे, त्यामुळे ते सगळ्यांना पाठ असते. मग मी दुसरा प्रश्न विचारतो, "वाचलीय कोणी?" की सारा वर्ग खाली बघू लागतो. मुलांना तरी दोष कशाला द्या? एम्. ए. होईपर्यंत मीसुद्धा ती वाचली नव्हती. पहिलेपणाचा मान द्यायचा, हात जोडायचे आणि पुढे चालू लागायचे, असे आपण या पुस्तकाचे केले आहे. देवळाच्या दारातल्या दीपमाळेसारखे. तिच्यावरून सगळे जातात, थांबत कोणी नाही.

आज थोडे थांबू या.

बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ साली बेळगावला झाला. बेळगाव आज कर्नाटकात आहे. घर कासाराचे, देवाधर्माचे. लहानपणी हा मुलगा पोथ्या वाचणारा, व्रते करणारा, देवळात जाणारा असा होता. त्याने पुढे जे काही सोडले ते नीट अनुभवून, आतून पाहून सोडले, एवढे ध्यानात ठेवा. बेळगावच्या मिशन शाळेत इंग्रजी झाले आणि पुढच्या शिक्षणासाठी तो मुंबईला आला. तिथे फ्री चर्चच्या शाळेत शिकला आणि परमहंस सभेत जाऊ लागला.

ही सभा म्हणजे काय, हे सांगायला हवे. मराठीचे व्याकरणकार दादोबा पांडुरंग आणि त्यांचे स्नेही यांनी १८४९ च्या सुमारास ती मुंबईत सुरू केली. जातिभेद मोडायचा, एक देव मानायचा, विधवांच्या पुनर्विवाहाचा पक्ष घ्यायचा, असे तिचे विचार. पण हे सारे गुपचूप! सभासद बंद दाराआड एकमेकांच्या हातचे खात आणि बाहेर पडल्यावर पुन्हा जातीचे नियम पाळत. आज आपल्याला हसू येईल. पण जातीबाहेर पडणे म्हणजे त्या काळी विहीर, सोयरीक आणि खांदा देणारी चार माणसे, सारे एकदम गमावणे होते. गावात राहणाऱ्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

तरुण बाबांना हे लपूनछपून चालणे मानवेना. ३ सप्टेंबर १८५४ रोजी बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वय तेवीस. आप्तांशी जी ताटातूट व्हायची ती झाली.

आता एक गैरसमज दूर करतो. पुष्कळांना वाटते, हे गृहस्थ ख्रिस्ती झाले, मग मिशनऱ्यांनी सांगितले म्हणून विधवांवर लिहू लागले. तसे नाही. बाप्तिस्म्याच्या दोन वर्षे आधी, १८५२ साली, त्यांनी स्त्रियांच्या शिक्षणावर निबंध लिहिला होता. बायकांच्या दुःखाची कळकळ आधीची. धर्मांतर नंतरचे. माझ्या मते त्यांचे लेखन समजून घ्यायचे असेल तर हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता पुस्तकाकडे येऊ. १८५६ च्या जुलैत विधवांच्या पुनर्विवाहाला मान्यता देणारा कायदा झाला. कायदा झाला खरा, पण तो कलकत्त्याच्या कागदावर. इकडे माजघरात काय फरक पडणार होता? पुढच्याच वर्षी 'यमुनापर्यटन अथवा हिंदुस्थानांतील विधवांच्या स्थितीचे निरूपण' छापून आले. त्या वर्षी उत्तरेत बंडाचा वणवा पेटला होता, आणि इकडे सव्वीस वर्षांचा हा लेखक एका नवराबायकोला प्रवासाला पाठवत होता.

यमुना आणि विनायक हे ते जोडपे. दोघे शिकलेले, विचारी. प्रवासात त्यांना ठिकठिकाणी विधवा भेटतात, निरनिराळ्या घरांतल्या, निरनिराळ्या वयांच्या. प्रत्येकीची कथा वेगळी. कोणाचे केशवपन झालेले, कोणी घरात राबराब राबून उपाशी, कोणी फसवली गेलेली. शेवटी विनायक अपघातात जातो, आणि आतापर्यंत दुसऱ्यांची दुःखे ऐकणारी यमुना स्वतः विधवा होते. सासरचा जाच सुरू होतो. पुढे ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते.

यात प्रवासाची जी युक्ती आहे ना, ती मला फार शहाणपणाची वाटते. नुसता विनायक निघाला असता तर कथा ओसरीवरच थांबली असती. परपुरुषाला आतल्या घरात कोण जाऊ देणार? यमुना बरोबर आहे म्हणून कथेला माजघरात जाण्याची वाट मिळाली, चुलीपाशी बसून बाईचे बोलणे ऐकण्याची सोय झाली. त्यापूर्वीचे आपले बहुतेक गद्य म्हणजे भाषांतरे, नीतिकथा, शाळेची पुस्तके. बन्यनच्या यात्रेकरूचे मराठी रूप 'यात्रिकक्रमण' १८४१ सालीच निघाले होते. प्रवासाची कल्पना लेखकाला तिथूनही सुचली असेल. पण तो प्रवास स्वर्गाच्या दिशेने होता, हा मात्र आपल्याच गावांतून, आपल्याच लोकांच्या घरी.

दोष नाहीत का? आहेत, आणि ते लपवायचे कारण नाही. पात्रे बोलता बोलता उपदेश करू लागतात. दोन माणसे बोलत आहेत असे वाटता वाटता एकदम प्रवचन सुरू होते. ख्रिस्ती धर्माचे श्रेष्ठत्व सांगण्यासाठी कथा मध्येच थांबते. पुस्तकाचा शेवट तर पुष्कळ वाचकांच्या घशात अडकला. माझ्या विद्यार्थ्यांत काही जण म्हणतात, हा प्रचार आहे, बाजूला ठेवा. मी त्यांना म्हणतो, शेवट पटो न पटो, पण मधल्या त्या बायका खोट्या आहेत का, ते सांगा. तिथे मुले गप्प होतात.

याच पुस्तकानंतर चार वर्षांनी, १८६१ साली, हळबे यांची 'मुक्तामाला' निघाली. अद्भुत प्रसंग, संकटे, योगायोग. लोकांना ती आवडली, आणि बरीच वर्षे मराठी कादंबरी त्याच रस्त्याने गेली. विधवेच्या घरात पुन्हा शिरायला तिला हरिभाऊ आपट्यांची वाट पाहावी लागली. त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' १८९० पासून 'करमणूक' पत्रात येऊ लागली. तिच्या नायिकेचे नावही यमूच. हरिभाऊंनी ते मुद्दाम ठेवले असे मी म्हणत नाही. पण दोन यमुनांमध्ये तेहेतीस वर्षे गेली आणि दुसरीची सुटका झाली नाही. कलेच्या दृष्टीने हरिभाऊंची यमू कितीतरी सरस, यात वादच नाही. भालचंद्र नेमाडे यांनी मात्र मराठी कादंबरीच्या परंपरा सांगताना 'यमुनापर्यटन'ला वास्तव पाहणाऱ्या प्रवाहाच्या उगमाशी बसवले, आणि त्यामुळे ह्या पुस्तकाकडे अभ्यासकांची नजर पुन्हा वळली.

शिक्षक बंधुभगिनींना यात एक गोष्ट खास सांगायची आहे. बाबांनी कादंबरी ही एकच लिहिली असे नव्हे, तर कादंबरी हे त्यांच्या कामातले एक लहानसे काम होते. त्यांची लहानमोठी पुस्तके शंभराच्या वर भरतात. १८६० साली त्यांनी 'शब्दरत्नावली' हा समानार्थी शब्दांचा कोश केला. मोल्सवर्थचा मोठा कोश आपल्याला माहीत आहे. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे यमुनेच्याच वर्षातली. तो ग्रंथ इतका जाडजूड की शाळेतल्या मुलाला उचलायला कठीण आणि विकत घ्यायला त्याहून कठीण. बाबांनी त्याचा संक्षेप केला, तो १८६३ साली निघाला. कोणता शब्द ठेवायचा, कोणता गाळायचा, हे हजारो वेळा ठरवावे लागले असेल. कोश करणाऱ्या माणसाचा कान बोलीकडे असतो, आणि यमुनेतली माणसे पंडिती मराठी न बोलता घरातली मराठी बोलतात त्याचे मूळ मला इथेच दिसते.

याशिवाय 'सत्यदीपिका' पत्राचे संपादन, बायबलातल्या नव्या करारावर टीका, स्त्रियांसाठी, मुलांसाठी पुस्तके. पुण्यात काही वर्षे ते पाळक होते. प्रकृती साथ देईना म्हणून ते काम सोडले आणि लेखन-संपादन हेच मुख्य काम केले. पण लिहिणारा माणूस दोन्हीकडून एकटा पडला. सनातनी घरांत त्यांची पुस्तके गेली नाहीत, कारण लेखक बाटलेला. सुधारकांनीही जरा दुरूनच पाहिले. पुढे पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले, त्या वेळी यमुनेला बत्तीस वर्षे झाली होती.

१८८८ साली त्यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र आले. छापून निघालेल्या मराठी आत्मचरित्रांतले हे अगदी आरंभीचे. मिळाले तर अवश्य वाचा, ग्रामीण ग्रंथालयांनी मागवून ठेवा. त्यात बेळगावचे घर आहे, पोथ्या आहेत, मुंबईची ती बंद दाराआडची सभा आहे, मनाची ओढाताण आहे. बाबा २९ ऑगस्ट १९०६ रोजी वारले. 'अरुणोदय'ची कहाणी मात्र मुख्यतः धर्मांतरापाशी थांबते. त्यानंतरची पन्नास वर्षे, रोज सकाळी कागद पुढे ओढून बसण्याची, त्यांनी कुठे सविस्तर सांगितलेली नाहीत.