पुरुषांतील खालित्य : तेल देण्यापूर्वी साध्यासाध्य विचार

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात केशपतनाची तक्रार घेऊन आमच्याकडे येणारा तरुण बहुधा विवाहाची बोलणी सुरू असताना येतो. तत्पूर्वी स्टेशनजवळच्या एखाद्या केंद्रात पीआरपीची इंजेक्शने घेऊन झालेली असतात, टँकरच्या पाण्याला दोष देऊन झालेला असतो आणि आता त्यास केवळ 'गुणकारी तेल' हवे असते. तेल देणे सोपे. आधी त्याचे शिर नीट पाहावे.

सुश्रुताचार्यांच्या मते वातासह प्रकुपित पित्त रोमकूपात शिरून केस पाडते. पुढे रक्तासह कफ तो रोमकूप रुद्ध करतो व नवा केस उगवत नाही. इंद्रलुप्त व खालित्य त्यांनी पर्यायी मानले. वाग्भटाचार्य मात्र भेद करतात : इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खालित्यात क्रमाने. हा भेद व्यवहारात फार मोलाचा आहे. जानेवारी 2025 मध्ये शेगाव तालुक्यातील गावांत अल्पावधीत टक्कल पडू लागले, तेव्हा शोध बाह्य कारणाचा घ्यावा लागला, डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गव्हातील सेलेनियमच्या आधिक्याकडे लक्ष वेधले. विषमज्वर वा डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी गळणारे केसही बहुधा आपोआप परत येतात (श्रेय मात्र तेलाला मिळते!). कपाळाच्या कोपऱ्यांतून वर्षानुवर्षे मागे सरकणारी केशरेषा निराळी. तेथे आनुवंशिकता व डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक कार्य करते. पाणी बदलून ती थांबत नाही.

याच ठिकाणी वाग्भटांचे असाध्य लक्षण आठवावे. त्वचा नखासारखी गुळगुळीत, चकचकीत झाली असेल तर ते खालित्य असाध्य होय. अशा रुग्णास आम्ही पहिल्याच भेटीत तसे सांगतो. तो नाराज होऊन जातो, क्वचित दुसऱ्या वैद्याकडेही जातो. पण लग्नाच्या तारखेपर्यंत त्याच्याकडून महागडी तेले घेववणे आम्हास मान्य नाही.

केस विरळ झाले आहेत पण बारीक लव शिल्लक आहे, तेथे चिकित्सेस वाव आहे. चरकाचार्यांनी लवण व क्षार यांच्या अतिसेवनाने खालित्य-पालित्य होते असे विमानस्थानात सांगितले आहे. म्हणून फरसाण, पापड, लोणचे व रात्रीचे जागरण यांची चौकशी प्रथम करावी. शोधन, नस्य व शिरोऽभ्यंग हा क्रम सर्वांस परिचित आहेच. शोधन नस्य मात्र सुटीच्या दिवशी द्यावे. नस्य घेऊन लोकलच्या दारात वाऱ्यात उभे राहणे कोणत्याही आचार्यास संमत नसते.

पीआरपीला काही जण आधुनिक रक्तमोक्षण म्हणतात. ते योग्य नाही. एकात रक्त बाहेर काढून टाकतात, दुसऱ्यात त्यातील बिंबिका टाळूत टोचतात.

रुग्ण आधीची औषधे सहसा सांगत नाही, ती विचारून घ्यावीत. मिनॉक्सिडिल लावू लागल्यावर आरंभी काही आठवडे गळणे वाढू शकते व ते सोडल्यावर मिळालेला लाभ काही महिन्यांत ओसरतो. हा दोष आपल्या तेलाच्या माथी येऊ शकतो. फिनास्टेराइड घेणाऱ्याची पीएसए तपासणी निम्म्याच्या आसपास कमी येते. तेव्हा वयस्क रुग्णाचा अहवाल वाचताना ही गोळी चालू आहे काय, हे केसपेपरवर नोंदवलेले असावे.