लिंकनच्या नावावर खपणाऱ्या गोष्टी

अब्राहम लिंकन म्हटलं की आपल्याकडच्या वक्तृत्व स्पर्धांत एक ठरलेली कहाणी येते: ओंडक्यांच्या झोपडीत जन्मलेला पोरगा जन्मभर हरत राहिला आणि शेवटी राष्ट्राध्यक्ष झाला. झोपडी खरी आहे. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी केंटकीत तो जन्मला आणि सगळं मिळून वर्षभरही शाळेत गेला नाही. पराभवांची यादी मात्र विजय गाळून केलेली आहे. १८३२ मध्ये इलिनॉयच्या विधिमंडळाची निवडणूक तो हरला, पण १८३४ ते १८४० या काळात तीच निवडणूक लागोपाठ चारदा जिंकला. १८४६ मध्ये तो काँग्रेसवर निवडून आला. १८५५ आणि १८५८ ला सिनेटची जागा हुकली खरी, पण सिनेटर तेव्हा जनता नव्हे, राज्याचं विधिमंडळ निवडत असे. थेट लोकांच्या मतांनी लिंकन हरला तो एकदाच.

दुसरी समजूत अशी की तो फक्त गोरगरिबांचे, न्याय्य खटले घेई. प्रत्यक्षात १८३६ मध्ये सनद मिळालेल्या या वकिलाने भागीदारांसह पाच हजारांवर प्रकरणं हाताळली आणि त्यांत मोठा भरणा कर्जवसुलीचा होता. इलिनॉय सेंट्रल या बड्या रेल्वे कंपनीचा करविषयक खटला त्याने जिंकून दिला. कंपनी फी द्यायला खळखळ करू लागली, तेव्हा त्याने कंपनीवरच दावा लावून पाच हजार डॉलर वसूल केले! १८४१ मध्ये नान्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने निकाल मिळवणारा लिंकन १८४७ मध्ये इलिनॉयमधल्या चार्ल्सटन गावी मॅटसन नावाच्या गुलाममालकाचा वकील म्हणून उभा राहिला. जेन ब्रायंट आणि तिची मुलं परत मिळावीत, अशी मालकाची मागणी होती. लिंकन हरला, ती माणसं सुटली. चरित्रकारांना हा खटला आजही अडचणीचा वाटतो, आणि वाटायलाच हवा.

सगळ्यात मोठा घोटाळा गुलामगिरीबद्दल आहे. ‘लिंकनने एका जाहीरनाम्याने सगळे गुलाम मुक्त केले’ हे चूक. १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा यादवी युद्धातल्या फक्त बंडखोर प्रदेशांपुरता होता. संघराज्यात राहिलेल्या केंटकी, मेरीलँड, मिसुरी, डेलावेअरला तो लागू नव्हता. कारण वकिली होतं. शांततेत एखाद्या राज्यातली गुलामगिरी रद्द करण्याचा अधिकार राज्यघटनेने अध्यक्षाला दिलेला नाही. सेनापती म्हणून शत्रूचं बळ तोडण्याचा अधिकार आहे, असा त्याचा युक्तिवाद होता. पण ‘म्हणजे एकही गुलाम सुटला नाही’ हा उलटा दावाही तितकाच खोटा. सैन्य पुढे सरकेल तसतशी माणसं मुक्त होत गेली, आणि कृष्णवर्णीयांना सैन्याची दारं उघडली. ‘संघराज्य टिकवणं हेच माझं ध्येय’ या अर्थाचं ऑगस्ट १८६२ चं त्याचं पत्र लोक गुलामगिरीचं त्याला सोयरसुतक नव्हतं याचा पुरावा म्हणून नाचवतात. त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, जाहीरनाम्याचा मसुदा त्याने मंत्रिमंडळाला वाचून दाखवला होता, हे ते सांगत नाहीत.

देशभरातली गुलामगिरी संपवली ती तेराव्या घटनादुरुस्तीने. ती ६ डिसेंबर १८६५ ला मंजूर झाली, लिंकन एप्रिलमध्येच मारला गेला होता. ती काँग्रेसमधून पार व्हावी म्हणून मात्र त्याने जिवाचं रान केलं.

तो वंशसमतेचा पुरस्कर्ता होता का? १८५८ मध्ये त्याच चार्ल्सटनमधल्या सभेत त्याने सामाजिक-राजकीय समता आपल्याला मान्य नसल्याचं साफ सांगितलं. ११ एप्रिल १८६५ च्या अखेरच्या भाषणात त्याने निदान काही कृष्णवर्णीयांना, विशेषतः सैनिकांना, मताधिकार मिळावा असं म्हटलं. माणूस बदलत गेला. पहिल्याच दिवशीचा देवदूत त्यात शोधू नये.

गेटिसबर्गचं भाषण आगगाडीत पाकिटावर खरडल्याची गोष्टही मनोरंजनापुरतीच. पहिल्या मसुद्याचं पहिलं पान व्हाइट हाउसच्या छापील कागदावर आहे.

आणि आपल्या शाळाशाळांत फ्रेममध्ये टांगलेलं ‘हेडमास्तरांना पत्र’? लिंकनच्या संकलित लेखनात ते नाही आणि त्याच्या हाताची प्रतही कुणी दाखवलेली नाही. मराठी वाचकांना ते भावलं ते कवी वसंत बापटांच्या शब्दांमुळे. मुख्याध्यापकांना एकच विनंती: मजकूर भिंतीवर खुशाल ठेवा, खाली नाव मात्र बापटांचं लिहा.